दिवाळीचा किल्ला, सोसायटीतली मुलं आणि आत्मविश्वास

सुवेळा

नमस्कार मंडळी,

गणपती झाले की आमच्या सोसायटीत किल्ल्याची बैठक बसते. पुण्याच्या उपनगरातली नेहमीसारखीच सोसायटी आहे, मुलं साधारण पाचवी ते दहावीतली. गेली काही वर्षं मी आणि आमच्या इमारतीतले एक निवृत्त इंजिनिअर काका मुलांबरोबर असतो. मुद्दामच 'बरोबर' म्हणतेय, कारण किल्ला मुलंच करतात.

किल्ला कसा करायचा, हा या धाग्याचा विषय नाही. कुणी विचारलंत तर तेही आनंदाने सांगेन. पण या पंधरा-वीस दिवसांत मुलांमध्ये जे घडताना मी बघते, त्याबद्दल इथल्या पालकांशी, शिक्षकांशी बोलायचंय. हल्ली आत्मविश्वास म्हटलं की आपण मुलाला स्टेजवर उभं करतो. व्यक्तिमत्त्व विकास शिबिरं, वक्तृत्वाचे क्लास, 'स्टेज डेअरिंग'. त्याने काहींना फायदा होतही असेल. मला मात्र वेगळंच दिसत आलंय. 'तुला जमेल, तू हुशार आहेस' असं मुलाला शंभरदा सांगून जे होत नाही, ते त्याच्यावाचून बाकीच्यांचं काम अडलं की होतं.

उदाहरण देते. आम्ही राजगड केला. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. म्हणजे गट आयतेच चार पडले. आपापला भाग कसा करायचा हे ज्या त्या गटाने ठरवायचं. पण माच्या जिथे बालेकिल्ल्याला येऊन भिडतात तिथली उंची जुळलीच पाहिजे. त्यामुळे संजीवनीवाल्यांना पद्मावतीवाल्यांशी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एरवी ही मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून एकमेकांच्या शेजारी बसतात. इथे टेप घेऊन भांडत होती.

आठवीतला एक मुलगा आमच्याकडे नवीन राहायला आला होता, कुणाशी बोलायचा नाही. आईने पाठवलं म्हणून बैठकीला आला. त्याला बोलायला लावायचं नाही, एवढंच आम्ही दोघांनी ठरवलं. नकाशावरून प्रमाण काढायची वेळ आली तेव्हा कळलं की तो हिशेबाला पक्का आहे. हजार मीटरला एक मीटर धरलं तर डोंगर ठीक होतो, पण सहा मीटरची तटबंदी सहा मिलिमीटरची होते, म्हणजे दिसणारच नाही. डोंगराचं प्रमाण वेगळं आणि बांधकामाचं वेगळं धरावं लागेल, हे त्याने कागदावर मांडून दाखवलं. (बाजारातले मावळे या हिशेबात शंभर मीटर उंच होतात, हेही त्यानेच सांगितलं. मुलं त्यावर खूप वेळ हसली.) त्या दिवसापासून चारही गट टेप घेऊन त्याच्याकडे यायला लागले. तिसऱ्या दिवशी तो पद्मावतीच्या टोकाला उभा राहून 'अरे, अजून चार इंच हवंय तिथे!' असं ओरडत होता. आम्ही त्याच्यासाठी म्हणून वेगळं काहीच केलं नव्हतं.

सुवेळेच्या गटापुढे नेढ्याचा, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाचा, प्रश्न होता. ओल्या मातीत आरपार भोक पाडलं की वरची कमान खाली येते. बराच वेळ मुलं ते पाडत होती, बांधत होती. काकांना उत्तर माहीत होतं, पण ते गप्प राहिले. शेवटी सहावीतल्या एका मुलीने प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा आणला, त्यावर माती थापली, पाइप आतच ठेवला आणि दोन्ही तोंडांच्या कडा तेवढ्या लिंपून टाकल्या. ते नेढं भाऊबीजेपर्यंत टिकलं. आता सोसायटीत काहीही अडलं की मुलं आधी तिला हाक मारतात.

आमचा नियम एकच. मोठ्यांनी मातीला हात लावायचा नाही. विटा उचलणं, पोती कापणं, दिव्यांच्या माळेची वायर जोडणं, एवढंच आमच्याकडे. बाकी चिखलात पोती बुडवणं, माती चाळणं, हळीव-मोहरी पेरणं, गेरू लावणं, मातीची चित्रं मांडणं हे सगळं मुलांचं. संध्याकाळी किल्ला बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायच्या पाळ्याही तीच लावतात. ज्याला बोलायचं नसेल त्याने पणत्या सांभाळायच्या, कारण विचारायचं नाही.

आता माझे प्रश्न.

हौसेने मध्ये पडणाऱ्या पालकांना कसं आवरता? आमच्याकडे एका बाबांनी रात्री उशिरा येऊन मुलांनी केलेला महादरवाजा पाडला आणि थर्माकोलचा 'व्यवस्थित' करून ठेवला. सकाळी मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

किल्ला स्पर्धेत उतरवावा का? यावरून आमच्यात सरळ दोन तट आहेत.

नववी-दहावीतली मुलं गळतात, त्यांना कसं धरून ठेवायचं?

आणि दिवाळी संपल्यावर काय? वर्षातले पंधरा दिवसच हे सगळं का?

---

पडद्यामागचा

फार जवळचा विषय काढलात. मी पुण्यात कॉलेजला असताना एकांकिका स्पर्धांमध्ये होतो, पण रंगमंचावर एकदाही गेलो नाही. मी लाइट्स ऑपरेट करायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. भरत नाट्य मंदिरात कॉलेजांचे संघ उतरतात आणि बाहेर 'आव्वाज कुणाचा' सुरू असतं. बघणाऱ्याच्या लक्षात राहतात ते अभिनेते आणि दिग्दर्शक. पण तासाभराच्या त्या एकांकिकेमागे पंधरा-वीस पोरं महिनाभर राबलेली असतात. नेपथ्य, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, कपडे इस्त्री करणारा, चहा आणणारा, तालमीला दांडी मारणाऱ्याला घरून उचलून आणणारा. माझा क्यू दोन सेकंद चुकला तर समोरच्याचं महिन्याभराचं काम पाण्यात जाणार, हे मला ठाऊक होतं. त्या अंधाऱ्या केबिनमध्ये मला जेवढा स्वतःवर भरवसा वाटला तेवढा वर्गात कधी वाटला नाही.

त्यामुळे 'त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडलं' हे तुमचं वाक्य शंभर टक्के पटलं.

फिरोदिया करंडक ही कॉलेजांचीच दुसरी स्पर्धा तर याच्याही पुढे जाते. एकाच कथानकात नाट्य, नृत्य, गायन, वादन, चित्रकला, शिल्पकला, जेवढ्या कला गुंफता येतील तेवढ्या गुंफायच्या. आमच्या वर्गात एक जण नुसता मातीकाम करायचा, त्याला नाटकवाले कधी विचारतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या स्पर्धेत दृश्य चालू असताना प्रेक्षकांसमोर त्याने मूर्ती घडवली.

---

पाटी_पेन्सिल

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या मुलांच्या घरची भाषा पावरी किंवा भिली. शाळेतली मराठी त्यांना परकी वाटते आणि परक्या भाषेत सगळ्यांसमोर चुकायचं म्हणजे बोलायचंच नाही, असं मुलं ठरवून टाकतात.

आम्ही हस्तलिखित काढतो. पूर्वी शाळांमधून हस्तलिखितं निघायची त्यात चार हुशार मुलांच्या कविता आणि सुंदर अक्षरवाल्या दोन मुलींचं लेखन असायचं. आम्ही विषयच असा घेतला की पुस्तकातून उतरवता येणार नाही: आपल्या पाड्यावरची झाडं आणि त्यांचे उपयोग. मुलांनी आजी-आजोबांना विचारून आणायचं. आता यात माहितीचा मालक कोण? ज्याची आजी सर्वांत जास्त सांगते तो. वर्गात सर्वांत मागे बसणारा सातवीतला मुलगा सर्वांत जास्त झाडं घेऊन आला, मोहाचं तर त्याने इतकं सांगितलं की दोन पानं पुरली नाहीत. नावं आधी त्यांच्या भाषेत आणि शेजारी मराठीत लिहिली. मराठी नाव मला विचारायचे आणि त्यांच्या भाषेतलं नाव मी त्यांना विचारायचे. मला नीट उच्चारता यायचं नाही तेव्हा सगळा वर्ग मला शिकवायचा. मुलं मराठी बोलायला लागली ती तिथून.

एक मुद्दा मांडते. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली. आठ पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्या ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करून घेणं. स्नेहसंमेलनात आपण जे करतो त्यातलं बरंचसं या तीन पायऱ्यांवरच बसतं. गाणं शिक्षकांनी निवडायचं, नाच कोरिओग्राफरने बसवायचा, कपडे भाड्याने आणायचे, उंच मुलं मागे, दिसायला छान ती पुढे. यात मुलांनी ठरवलं काय? रात्रीत थर्माकोलचा महादरवाजा बसला तेव्हा तुमचा किल्लाही वरच्या पायरीवरून थेट तळाला आला. त्या बाबांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

---

चौकट_राजा

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मी नववीतल्या मुलीचा बाप आहे.

गटात काम म्हणजे दोघांनी राबायचं आणि दहांनी फोटोत यायचं, हा माझा शाळा-कॉलेजपासूनचा अनुभव. माझी मुलगी सगळं अंगावर घेते. मागे शाळेच्या एका प्रकल्पात रात्री जागून तक्ते तिने केले आणि सादरीकरण केलं बोलक्या मुलांनी. कौतुक त्यांचं झालं. तिचा आत्मविश्वास वाढला नाही, उलट 'मी फक्त कामाला' असं ती म्हणायला लागली. गटाने केलं की आपोआप सगळ्यांचं भलं होतं असं मला वाटत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. सहामाही परीक्षा, क्लास, पुढच्या वर्षी दहावी. हे कुठे बसवायचं?

---

मानसी_समुपदेशक

चौकट_राजा, राग कसला, तुम्ही अगदी नेमकं बोललात. तुमच्या मुलीच्या गटात काम वाटलेलं नव्हतं, ते नुसतं सर्वांसमोर ठेवलेलं होतं. असं ठेवलं की जबाबदार मूल ते उचलतं आणि बाकीचे सुटतात.

एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये एक पद्धत वापरली. तिथे नुकतीच गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एकाच वर्गात आणलं होतं आणि वर्गात प्रचंड तणाव होता. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आपला तुकडा त्याने इतरांना समजावून सांगायचा. ज्या मुलाची एरवी टिंगल व्हायची, त्याच्याकडचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. मग टिंगल थांबवून मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला लागली. सुवेळाताईंच्या तीन माच्या आणि एक बालेकिल्ला म्हणजे नेमकं हेच आहे, त्यांनी ते राजगडाकडून घेतलं इतकंच.

मी किशोरवयीन मुलांबरोबर काम करते. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये स्व-क्षमतेची कल्पना मांडली, म्हणजे 'हे मला जमेल' ही जाणीव कुठून येते याचा विचार. त्यांनी चार उगम सांगितले. स्वतः एखादी गोष्ट करून ती जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ती जमताना बघणं, इतरांनी दिलेला धीर आणि आपल्या शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यात सर्वांत बळकट पहिला. पालक म्हणून आपण भर देतो तिसऱ्यावर, कारण तो सोपा आहे. 'वा वा, छान' म्हणायला काही लागत नाही आणि मुलांना त्यातलं पोकळ कौतुक लगेच ओळखू येतं.

दुसऱ्या उगमाकडे मात्र लक्ष द्या. पाचवीतल्या मुलाला दहावीतल्या ताईपेक्षा सहावीतल्या मुलीला नेढं जमलेलं बघून जास्त बळ येतं. म्हणून वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असणं मोलाचं आहे. शाळेत ती इयत्तेनुसार वेगळी केलेली असतात. गल्ली, वाडा, सोसायटी याच जागा उरल्यात.

एक काळजीची गोष्टही लिहिते. काही मुलांना चारचौघांत बोलायची भीती इतकी असते की पोट दुखतं, घाम फुटतो, झोप उडते. त्यांना गटात टाकलं की सुटतील असं समजू नका. असं महिनोन्महिने दिसत असेल तर तज्ज्ञाकडे न्या. 'ज्याला बोलायचं नसेल त्याने पणत्या सांभाळायच्या, कारण विचारायचं नाही' हा तुमचा नियम मला सगळ्यात जास्त आवडला.

---

बेळगावचा_पोरगा

आमच्याकडं बेळगावात दिवाळी म्हणजे गल्लोगल्ली किल्ले. लहान पोरांचे वेगळे, मंडळाच्या मोठ्या पोरांचे वेगळे. लोक संध्याकाळी घरच्यांना घेऊन किल्ले बघत फिरतात.

माहिती सांगण्याबद्दल लिहितो. पाठ केलेलं भाषण आणि माहिती सांगणं यात फरक आहे, बघा. भाषणात मध्येच कुणी विचारत नाही. किल्ल्यापाशी उभं राहिलं की कुणीतरी आजोबा येतात आणि विचारतात, 'हे तळं इथं कसं काय रे?' मग पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून बोलावं लागतं. माझं पहिल्या दिवशी तोंड सुकायचं. पण किल्ला आपण केलेला असला की उत्तर सापडतं. तळं तिथं का आहे हे मला माहीत असायचं, कारण त्या तळ्यासाठी मी प्लॅस्टिक अंथरलेलं असायचं आणि नकाशा बघून जागा धरलेली असायची. आज मी विक्रीच्या कामात आहे, रोज अनोळखी माणसांशी बोलतो. ते मी क्लासला जाऊन शिकलो नाही.

नववी-दहावीची पोरं गळतात याला आमच्याकडं एकच उपाय. त्यांना माती द्यायची नाही, जबाबदारी द्यायची. वर्गणीचा हिशेब, माती कुठनं आणायची, लाइटवाल्याशी बोलणं, पोलिसांची परवानगी लागली तर मंडळाच्या थोरल्यांबरोबर जाणं. पंधरा वर्षांच्या पोराला 'ये, चिखल कालव' म्हटलं तर तो येत नाही. 'तुझ्याकडं पैसे ठेवतोय, हिशेब तू दे' म्हटलं तर रोज येतो.

---

रेवा_लंडन

वाचतेय, खूप छान चर्चा. लंडनच्या बाहेर आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून गॅरेजमध्ये किल्ला करतो, कारण बाहेर थंडी आणि पाऊस. महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासून इथे आहे, तिथे दिवाळीचा कार्यक्रम होतोच, पण मुलांना स्वतःच्या हातांनी करण्यासारखं काही हवं होतं. लाल माती नाही, बागेतली काळी वापरतो. हळिवाचं मात्र सोपं आहे, इथे शाळेत मुलं कापसावर क्रेस उगवतात ते हळीवच, त्यामुळे पेरणीचं खातं मुलांच्या गोऱ्या मित्रांनीच घेतलं.

इथल्या आमच्या मुलांची अडचण पाटी_पेन्सिल यांच्या उलट आहे. मराठी कळतं, पण बोलायची लाज वाटते, कारण भारतात गेलं की भावंडं उच्चारांना हसतात. किल्ल्याची माहिती आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर मराठीतून सांगायची असं मुलांनी ठरवलं. 'बुरूज', 'तटबंदी', 'माची' हे शब्द त्यांच्याकडे इंग्रजीत नव्हतेच, ते मराठीतच शिकलेले. त्यामुळे त्या विषयावर ती मराठीतून अडखळत नाहीत, उलट इंग्रजीतून सांगताना अडतात.

---

ठाण्याची_मैना

सुवेळा, दिवाळीनंतर काय, या प्रश्नावर सांगते. आमच्या ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' आहे. रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून समता विचार प्रसारक संस्थेने तो उभा केला. वस्त्यांमधली मुलं आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतःच नाटिका बसवतात आणि 'नाट्यजल्लोष'मध्ये सादर करतात. मतकरी 2020 मध्ये गेले, पण काम थांबलं नाही.

मी प्रेक्षक म्हणून गेले होते. बालनाट्य म्हटलं की राजा-राणी-राक्षस डोळ्यांसमोर येतात. इथे पाण्याची रांग होती, दारू होती, शाळा सुटलेली बहीण होती. अभिनय कच्चा होता, वाक्यं मध्येच विसरली जात होती, तरी प्रेक्षागृहात कुणी हललं नाही. कारण त्या गोष्टी त्यांच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

म्हणून मला वाटतं, दिवाळीनंतर मुलांना आपण विषय देऊ नये. त्यांना विचारावं, या सोसायटीत तुम्हाला काय खटकतं? आणि त्याची नाटिका, भित्तिपत्रक, छोटी फिल्म जे हवं ते करू द्यावं. खेळायला जागा नाही आणि सगळं पार्किंगने व्यापलंय, हे ती म्हणणारच. ते मोठ्यांना झोंबेल. तेव्हा आपण किती टिकतो ते बघायचं.

---

चौकट_राजा

मानसीताई, धन्यवाद. 'काम वाटलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं' हे मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मग टीचरनी वाटायला हवं होतं ना?' बरोबर आहे तिचं.

वेळेचा प्रश्न मात्र अजून सुटला नाही.

---

पडद्यामागचा

स्पर्धेबद्दल माझं मत. सुवेळा, तुमच्याकडे दोन तट आहेत म्हणालात, मी स्पर्धेच्या बाजूचा.

2022 मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या पात्रतेची एकांकिका नाही, असं त्यांचं म्हणणं. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. बराच गदारोळ झाला, मुलांचं खच्चीकरण होईल असं खूप जणांनी लिहिलं. मला उलट वाटलं. कुणीतरी तुमचं काम इतकं गांभीर्याने बघतंय की ते कमी पडलं हे स्पष्ट सांगतंय, यात मान आहे. आपल्याला खरं सांगितलं जातं यावर विश्वास बसला की मिळालेल्या कौतुकावरही विश्वास बसतो.

---

पाटी_पेन्सिल

पडद्यामागचा, वीस वर्षांच्या मुलांबाबत तुमचं म्हणणं मान्य. ती स्वतःहून स्पर्धेत उतरलेली असतात, नियम माहीत असतात, हरल्यावर कट्ट्यावर बसून परीक्षकांना नावं ठेवायला मित्र असतात. अकरा वर्षांचं मूल स्पर्धेत कुणाच्या हौसेने उतरतं? बऱ्याचदा पालकांच्या. आणि बक्षीस आलं की ते बाबा पुन्हा रात्री थर्माकोल घेऊन येणार, कारण परीक्षकांना 'व्यवस्थित' आवडतं. मुलांच्या हातचा किल्ला वाकडा असतो. स्पर्धेत वाकडेपणाचे गुण कापले जातात. मोठ्यांची लुडबुड स्पर्धेनेच वाढते, असं माझं ठाम मत आहे.

---

मानसी_समुपदेशक

दोघांच्या मधलं सांगते. लहान वयात परीक्षक आणायचेच असतील तर त्यांना गुणांचा कागद देऊ नका. त्यांनी येऊन मुलांना प्रश्न विचारावेत: हे असं का केलं? अडलं कुठे? परत केलंत तर काय बदलाल? कुणीतरी जाणता माणूस येऊन आपल्या कामाबद्दल खरेखुरे प्रश्न विचारतो, हे बक्षिसाहून मोठं वाटतं मुलांना. कच्चं असेल तर तेही बोलण्यात येतंच.

---

सुवेळा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

स्पर्धेबद्दल मी पाटी_पेन्सिल यांच्या बाजूची. पडद्यामागचा, तुमचं खरं सांगण्याबद्दलचं म्हणणं मोलाचं आहे, पण त्यासाठी क्रमांक लागत नाही. मानसीताईंनी सांगितलेली प्रश्नांची पद्धत यंदा करणार. गडांवर नियमित जाणारे एक जण ओळखीचे आहेत, त्यांना बोलावते.

चौकट_राजा, वेळेबद्दल. आम्ही रोज संध्याकाळी दीड-दोन तासच काम करतो आणि सहामाही संपेपर्यंत मातीला हात लावत नाही, तोवर फक्त नकाशा आणि वाचन. दहावीच्या मुलांसाठी बेळगावच्या दादांनी सांगितलेलं करून बघणार, हिशेब त्यांच्याकडे. त्याला दिवसातली दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमच्या मुलीसारख्या मुलींना आम्ही उलट अट घालतो: तुझं काम झालं की दुसऱ्याचं उचलायचं नाही, तो आला नाही तर जागा मोकळी राहू दे. पहिले दोन दिवस मोकळी राहते. मग बाकीचे त्याला घरून बोलावून आणतात. तिला हे जड जाईल, पण एकदा करून बघायला सांगा.

रात्रीच्या थर्माकोलवाल्या बाबांना आम्ही या वर्षी एक काम देतोय: बाकीच्या पालकांना किल्ल्यापासून लांब ठेवणं. मनाने चांगले आहेत ते, त्यांना लहानपणी किल्ला करायला मिळाला नव्हता असं बोलता बोलता म्हणाले. त्यांच्यासाठी आणि इतर मोठ्यांसाठी कोपऱ्यात वेगळी माती ठेवायची असं मुलांनीच सुचवलं.

ठाण्याची_मैना, पार्किंगचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. मुलांना विचारलं तर पहिलं तेच आलं. जानेवारीत नाटिका करायची म्हणतायत, सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी, सभेच्या आधी. कमिटीतल्या एका सदस्यांनी आत्ताच 'विषय जरा सौम्य ठेवा' असं सुचवलंय. संहिता कमिटीला आधी दाखवायची नाही, असं मुलांचं म्हणणं आहे आणि मी मुलांबरोबर आहे.

आता यंदाच्या किल्ल्याचं. 2025 च्या जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी तमिळनाडूतली जिंजी. तेव्हापासून मुलांच्या डोक्यात जिंजीच आहे. आमच्यातलं कुणीच तिथे गेलेलं नाही. कुणाकडे चांगला नकाशा किंवा स्वतः काढलेले फोटो आहेत का?

---

बेळगावचा_पोरगा

ताई, जिंजी झकास निवडली पोरांनी. मी जाऊन आलोय, फोटो पाठवतो.

तीन डोंगर आहेत: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी. तिन्ही वेगवेगळे उभे आणि खालून तटबंदीने एकमेकांना जोडलेले. म्हणजे तीन गट डोंगरांचे आणि चौथा तटबंदीचा. तटबंदीच्या गटाला तिघांशीही बोलावं लागणार, तेव्हा तिथं भांडण मिटवणारी पोरं घाला. राजगिरी सर्वांत उंच आणि अवघड, वर जायला शेवटी पूल ओलांडावा लागतो, तो पूल करायला पोरांना मजा येईल. डोंगरांवर मोठमोठे गोल धोंडे आहेत, आपल्या सह्याद्रीसारखे कातळकडे नाहीत. त्यामुळं नुसत्या मातीनं भागणार नाही, नदीतले गोटे आणा.

गोष्ट सांगायलाही भरपूर आहे. राजाराम महाराज रायगडाहून निघून इतक्या लांब का गेले, मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा किती वर्षं चालला, 1698 मध्ये किल्ला पडला तरी महाराज त्याआधी निसटले कसे. हे सांगायला एकच पोरगं ठेवू नका, तुकडे करून वाटा.

---

सुवेळा

दादा, फार उपकार झाले. फोटो मिळाले की छापून रविवारच्या बैठकीत मुलांसमोर ठेवते. कोण कुठल्या डोंगरावर हे तीच ठरवतील, पण नदीतल्या गोट्यांचं आणि पुलाचं मी आधी सांगून टाकेन, कारण गोटे आणायला गाडी ठरवावी लागेल आणि ते काम दहावीतल्या दोघांकडे जाईल.

रेवा, तुमच्या गॅरेजमधल्या मुलांना विचारा, जिंजी करायची का तिकडेही? मग भाऊबीजेला दोन्हीकडची मुलं कॉलवर एकमेकांचे किल्ले बघतील. आमच्याकडच्या मुलांची अट मी आत्ताच सांगून ठेवते: बोलायचं मराठीतून आणि कुणी कुणाच्या उच्चारांना हसायचं नाही.